दुसरा वाडगा

पुरुष असेल तर चौकोन. बाई असेल तर गोल. लहानपणापासून लठ्ठ असेल तर तो आतून काळा करायचा. वारला असेल तर वरून तिरकी रेघ. दुसऱ्या घरी दत्तक दिलं असेल तर दोन्ही बाजूंनी कंस.

इस्पितळातल्या नर्सनं हे सगळं एका चिठोऱ्यावर लिहून दिलं होतं. "आंटी, घरी बसून सावकाश काढा," म्हणाली, "आणि कोणाला विसरू नका."

मी शिंपीण आहे. कपडे बेतायचा खाकी कागद माझ्याकडे नेहमीच असतो. सकाळी तो कापायच्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर कात्री, फूटपट्टी, खडूचा डबा आणि चहाचा पेला ठेवला. शेजारी वेताच्या खुर्चीत आ-इम मोड आलेल्या मुगाच्या शेपट्या खुडत बसली होती. पिनांगमधल्या आमच्या गल्लीत एवढ्या बारकाईनं शेपट्या खुडणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

●

खालपासून सुरुवात केली. सगळ्यांत खाली माझी नात, जिया एन. वय पाच, वजन एकेचाळीस किलो.

बालवाडीच्या बाई दर शुक्रवारी तिच्या डब्यात चिठ्ठी घालतात. आज दोनदा मागून घेतलं. आज शेजारच्या मुलाचा पाव खाल्ला. माझी सून चिठ्ठी वाचते, आणि तिची चार घड्यांची पुडी करते. भात ती चहाच्या कपानं मोजून वाढते.

"आ-मा," पोरगी मला, आजीला, म्हणते, "भूक लागली."

"आत्ता तर जेवलीस."

"ते मघाशी."

हे संभाषण मला तोंडपाठ आहे. फक्त माझ्या वेळी पहिलं आणि तिसरं वाक्य माझं असायचं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीही लहानपणापासून अशाच?" मग म्हणाल्या, "काही घराण्यांत हे रक्तातूनच येतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. असं मूल हावरट नसतं. ते खरोखरच उपाशी असतं."

सून तिथेच रडायला लागली. मला मात्र आ-इम आठवली.

माझ्या शाळेतल्या बाईंनी तिला एकदा सुनावलं होतं, "तुम्हीच हिला जाड केलंत." त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. ते वाक्य तिच्या आत कुठेतरी अडकून बसलंय असं मला कायम वाटत आलं. जिया एनचे गाल सुटायला लागले तेव्हा सुनेला कोणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हे माझ्या हातानं सुरू झालंय." ती चौऱ्याऐंशीची आहे. ती जायच्या आत मला एवढं करायचं होतं: रक्ताच्या तपासणीचा कागद तिच्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, तुझ्या हातानं काही झालेलं नाही.

कागद कालच आला. माझ्या पिशवीत होता.

○

हा गोल आ-इमचा. आतून रिकामा. एवढी काटकुळी बाई आमच्या घरात दुसरी झाली नाही.

आ-इम माझी सख्खी आई. आ-इम म्हणजे काकू. मी जन्मभर आईला काकू म्हणत आले, आणि वडलांना आ-चेक, म्हणजे काका. मी दोन वर्षांची असताना धाकटी बहीण झाली, आणि त्याच महिन्यात वडलांच्या खोकल्यात रक्त दिसलं. देवळातल्या अंगात येणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं, या पोरींचे ग्रह बापाच्या आड येतात. धाकटीचे जास्त. तिला आपल्या लोकांबाहेर देऊन टाका. थोरलीला ठेवा, पण तिनं आई-बाप म्हणायचं नाही, म्हणजे नशिबाला पत्ता लागणार नाही.

नशिबाला पत्ता लागलाच. वडील चार वर्षांनी गेले. तोवर माझ्या तोंडात काकू बसलं होतं.

तेव्हाचं स्वयंपाकघर मला दोन वासांत आठवतं: कोळशाची शेगडी आणि गरम भातावर वितळणारी डुकराची चरबी. चमचाभर चरबी, वर काळ्या सोयाची धार. मी शाळेतून यायचे तेव्हा टेबलावर दोन वाडगे वाफाळत असायचे. दोन्हींवर कोंबड्याचं चित्र. एका कोंबड्याला शेपूट होतं, दुसऱ्याचं भट्टीतच पुसलं गेलेलं. शेपटीवाला आधी संपवायचा, मग बिनशेपटीचा. आ-इम समोर बसून बघायची. ती काय बघते ते मला कळत नसे. मला वाटायचं, मी हावरट आहे म्हणून दोन.

आणि एक कबूल करते: दुसरा वाडगा नेहमी जास्त चांगला लागायचा. त्यात चरबी थोडी जास्त असायची.

शाळेतल्या बाईंनी आ-इमला बोलावलं ते साल चौसष्ट. वजनाच्या काट्याजवळ मला उभं केलेलं.

"काय खायला घालता हिला?"

"भात."

"किती?"

"दोन वाडगे."

बाई हसल्या, आणि मग ते वाक्य. आ-इमनं मान हलवली, माझा हात धरला आणि उन्हातून चालवत घरी आणलं. घरी आल्यावर हात धुतले आणि दोन वाडगे वाढले.

मला वाटलं, हिला थांबताच येत नाही.

■

(यावर तिरकी रेघ. आधी मी हा चौकोन रिकामा काढला होता. मग आठवलं आणि काळा केला.)

माझे वडील. मला त्यांची मांडी आठवते, दोन उशांएवढी, आणि बंदरावरच्या दोराचा वास. त्यांची गोष्ट आजीनं सांगितलेली. जपान्यांच्या काळात सगळी गल्ली कसाव्याचे कंद उकडून खात होती. माणसांच्या बरगड्या मोजता यायच्या. चौदा वर्षांचे आमचे वडील तेवढे गुबगुबीत. शेजाऱ्यांना खात्री, या घरात तांदूळ पुरलेत. एका सकाळी चौघांनी येऊन अंगणातल्या फरश्या उखडल्या. खाली गांडुळं निघाली. तरी संशय गेला नाही. लग्नात सुद्धा कोणीतरी म्हणालंच, "बघा, तांदूळचोर नवरदेव."

त्या माणसानं एक दाणा चोरला नव्हता. हे सांगणारा कागद यायला पंचाहत्तर वर्षं लागली, आणि तोही त्यांच्या नातीच्या मुलीच्या—

नाही. चुकले. नात नव्हे, नातवाची मुलगी... मी त्यांची मुलगी, माझा मुलगा हेंग, त्याची जिया एन. म्हणजे पणती. रेघ पुन्हा ओढली. हेंगचा चौकोनही काळा केला. रोज पहाटे पळतो म्हणून आता तो तसा दिसत नाही, पण त्याच्या शाळेच्या चड्ड्यांना कमरेत मी किती कापड सोडायचे ते मला माहीत आहे.

[●]

कंस.

डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "सख्खं भावंड कोणी?" मी म्हणाले, "एक बहीण. पण ती दुसरीकडे वाढली, मलय घरात." त्या खुर्चीत पुढे सरकल्या. वेगळं घर, वेगळं अन्न, आणि रक्त तेच. तिचं रक्त मिळालं तर बरंच काही स्पष्ट होईल.

मला एवढंच माहीत होतं की तिला मलय सुईणीमार्फत तांजुंग तोकोंगच्या कोळीवाड्यात दिलं. मी तिथे गेले. चहाच्या टपरीवर विचारलं, "साठीच्या आसपासची, चिनी घरातून आणलेली एक बाई..."

टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "रोकिया? ती काय, भात विकतेय."

रस्त्यापलीकडे एक बाई पाठमोरी उभी होती, पातेल्यावर वाकलेली. डोक्याला स्कार्फ, अंगात निळा कुर्ता. मी चाळीस वर्षं लोकांच्या पाठी मोजल्या आहेत. खांद्याखालची ती घडी, बाहीच्या वरच्या भागातली ती गोलाई, मानेच्या बुडाशी बसलेला तो उंचवटा. मोजपट्टी न लावता सांगते: छाती अठ्ठेचाळीस, दंड साडेसतरा, पाठ पंधरा. मी स्वतःसाठी एवढंच कापड कापते. मी माझीच पाठ बघत उभी होते.

ती वळली. चेहरा आ-इमचा होता.

"काय देऊ?" म्हणाली. बराच वेळ माझे दंड बघत राहिली. "कक, तुम्ही आरशातून आलात का?"

कक म्हणजे ताई. ती सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणत असेल, तरी मी खाली बाकावर बसले.

त्या दिवशी तिनं सांगितलं. घरात सगळे सुकटीसारखे. सात तोंडं आणि सहा मासे. तिला आणलं ती मक, म्हणजे तिची आई, फार मायाळू, पण आरोग्य केंद्रातल्या नर्सनं तिलाही झापलेलं: "लाडावून ठेवलीय पोरीला." मग मकनं जाळीच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली. "मी कोंबड्यांसाठी ठेवलेला खोबऱ्याचा चोथा खायचे," रोकिया हसत म्हणाली. "कोंबड्या वाळल्या, मी नाही."

तिनं रक्त दिलं. तिचं, माझं, हेंगचं, जिया एनचं. चौघांच्या रक्तात एकाच जागी एकच चूक निघाली.

○ (पुन्हा)

तर ती सकाळ. रोकिया दहाला यायची होती, आमच्या घरी पहिल्यांदाच. आ-इमला मी सांगून ठेवलं होतं. ती "बरं" म्हणाली होती आणि पहाटे उठून एकटीच बाजारात जाऊन आली होती.

आता शेपट्या खुडता खुडता तिनं मान वाकडी करून कागदाकडे पाहिलं.

"यात मी कुठाय?"

"हा गोल."

"रिकामा का?"

ही वेळ मी महिनाभर मनात घोळवली होती. पेन्सिल खाली ठेवली. "आ-इम, ज्यांच्या रक्तात ते आहे त्यांचे गोल काळे. तुझ्यात नाही. हे आ-चेककडून आलं. त्यांच्याकडून मला आणि रोकियाला, माझ्याकडून हेंगला, त्याच्याकडून पोरीला. डॉक्टरांनी लिहून दिलंय. तू एक वाडगा दिला असतास तरी मी अशीच झाले असते. तुझा काही दोष नाही."

तिनं हातातला मूग टोपलीत टाकला.

"म्हणजे माझ्याकडून काहीच गेलं नाही."

"तेच सांगतेय ना. कुणी तुला दोष द्यायचं कारण नाही."

"दोषाचं कोण बोलतंय? ती शाळेची बाई? तिला काय कळत होतं." तिचा आवाज चढला नाही. ती फक्त मोडांकडे बघत होती. "दुसरा वाडगा कोणाचा होता, आ-लेंग?"

मी कागदावरून मान वर केली.

"मेलेल्या माणसाला धूप लावला की पोचतं. जिवंताला कसं पोचणार? त्याला जिवंत तोंडच लागतं. तुम्ही दोघी एकाच पोटातल्या. मी म्हटलं, थोरलीच्या तोंडात घातलं तर धाकटीला पोचेल. देवळात जाऊन विचारलं नाही. तो म्हातारा नको म्हणाला असता."

"रोज?"

"तू लग्न करून गेलीस तोवर." तिनं एक शेपटी खुडली. "आणि पोचत होतं. मी पाहिलं. तुझ्या शाळेत बोलावलं ना, त्याच्या पुढच्या वर्षी. बाजारात मासळीच्या बाजूला ती मलय बाई, काठीसारखी, सोबतची पोरं काठ्या, आणि मधे ही. गोल गोल. हातात नारळाचा घावन, सगळा चेहरा तेलकट. तुझा बाप जाऊन चार वर्षं झाली होती. मला वाटलं असतं तर परत मागता आली असती. मी खांबामागे उभी राहिले आणि म्हटलं, पोचतंय की. आता कशाला ओढून आणायची? माझ्या हातचं खातेय, तिकडे सुखात आहे."

पंख्यानं कागदाचा कोपरा उचलला. मी त्यावर फूटपट्टी सरकवली.

"आता तुझा कागद म्हणतो, ते तुझ्या बापाचं होतं," आ-इम म्हणाली. "मग माझा भात कुठे गेला?"

तपासणीचा कागद मी औषध समजून घेऊन आले होते. पिशवी मी पायानं टेबलाखाली ढकलली.

बाहेर गाडी थांबली.

[●] → ○

"कक, चपला बाहेरच ना?"

रोकिया दारात उभी, हातात फणसाची पिशवी. आ-इम उठली. ती रोकियाच्या छातीपर्यंत येते. तिनं रोकियाचा दंड धरला आणि दाबून पाहिला, बाजारात कोंबडी घेताना पाहते तसा.

"वजन किती?"

"विचारू नका, मकचिक. काटा लाजतो." मग घाईघाईनं म्हणाली, "मकचिक म्हटलेलं चालेल ना? मला दुसरं काय म्हणावं सुचेना."

"काकूच ना? चालेल. ही पण तेच म्हणते."

आम्ही तिघी बाजारातली मलय बोलत होतो. आ-इमची तोडकी, भाव करण्यापुरती. त्या भाषेत तिनं जन्मभर मासळी घेतली होती, आणि आता त्याच शब्दांत तिनं विचारलं, "तिकडे उपाशी होतीस का?"

रोकियानं माझ्याकडे पाहिलं. मला ते कुलूप आठवत होतं, तिलाही आठवत असणार. मी मान हलवली नाही. काय खूण करावी हेच मला कळत नव्हतं.

"घरात कमीच होतं, मकचिक," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मक कपाटाला कुलूप लावायची. पण मी वाढतच होते. नर्स येऊन ओरडायची, मक शपथा घ्यायची. शेजारणींना म्हणायची, आम्ही हिला एवढंसं देतो, बाकीचं हिला कोण भरवतं ते अल्लालाच ठाऊक."

"असं म्हणायची?"

"मरेपर्यंत."

आ-इमनं हळूच माझ्याकडे पाहिलं. मासेवाल्यानं शेवटी तिचा भाव मान्य केला की ती असंच पाहते.

मग ती आत गेली आणि एक झाकलेलं पातेलं घेऊन आली. पातेलं कोरं होतं, बुडाशी दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. आत लाल अंडी. आमच्याकडे बाळाला महिना झाला की गल्लीत लाल अंडी वाटतात. माझी वाटली होती.

"तुला एकोणतिसाव्या दिवशी नेलं," ती रोकियाला म्हणाली. "अंडी रंगवून ठेवली होती. तशीच राहिली. शेवटी कुत्र्याला घातली." पातेलं टेबलावर, सरळ माझ्या कागदावर ठेवलं. "भांडं नवीन आहे. तुमच्याच माणसाच्या दुकानातनं आणलंय, डुकराचं काही लागलेलं नाही. पाणीपण बाटलीचं. खा."

माझ्या लग्नापर्यंत रोज जो चरबीचा वाडगा तिच्या नावानं भरला गेला तो तिला खाता आलाच नसता, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. आ-इमच्या आधीच आलं असावं.

रोकियानं अंडं सोललं. रंग ओला होता, तिची बोटं लाल झाली. दोन घासांत संपवलं. मीही एक खाल्लं. मग आम्हा दोघींचे हात एकाच वेळी पुन्हा पातेल्याकडे गेले, आणि एकाच वेळी थांबले.

"ते मघाशी," मी म्हटलं.

रोकियाला काही न सांगता कळलं. ती एवढी हसली की वेताची खुर्ची करकरली. आ-इमही हसली. तिनं एक अंडं सोललं, सुरीनं अर्धं केलं आणि एकेक फोड आमच्या हातावर ठेवली. डॉक्टरबाईंना चाललं असतं एवढंच.

मग पातेलं उचलून बाजूला केलं आणि कागदावर वाकली.

"ही मी ना?"

"हो."

तिनं गोलावर अंड्यानं लाल झालेलं बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं, रोकिया फणस कापायला उठेपर्यंत.

प्रत

सोमवारी मी कागद इस्पितळात दिला. नर्सनं त्याची यंत्रावर प्रत काढली. प्रतीत लाल रंग काळा उमटला.

"आंटी," ती बोट ठेवून म्हणाली, "तुमच्या आईचा गोल काळा की पांढरा?"

"पांढरा. तो अंड्याचा रंग आहे."

तिनं शेजारी बारीक अक्षरात 'पांढरा' असं लिहिलं आणि पांढऱ्या शाईची बाटली शोधायला खण उघडला.

"लिहिलंत ना," मी म्हटलं. "मग ते राहू दे."